उभ्या अँटेनाखालच्या बत्तीस तारा

उभ्या अँटेनाचा नजरेला दिसणारा खांब म्हणजे निम्मीच अँटेना. पाव तरंगलांबीचा खांब हे डायपोलचं, म्हणजे दोन अंगांच्या अँटेनाचं, एक अंग असतं आणि दुसरं अंग जमिनीने पुरवायचं असतं. खांबात जेवढा प्रवाह वर जातो, तेवढाच प्रवाह फीडपॉइंटच्या (केबल अँटेनाला जोडते त्या जागेच्या) दुसऱ्या टोकाला कुठून तरी परत यावा लागतो. तो खांबाभोवतीच्या जमिनीतून गोळा होत कोॲक्स केबलच्या शील्डकडे, म्हणजे तिच्या बाहेरच्या जाळीकडे, येतो. तांब्याच्या तुलनेत माती अगदीच कमजोर वाहक, त्यामुळे येताना त्यातली बरीच शक्ती माती तापवण्यात जाते. रेडियल, म्हणजे खांबाच्या पायथ्यापासून चहूकडे जाणाऱ्या, तारा अंथरायच्या त्या यासाठी, की या प्रवाहाला मातीऐवजी तांब्यातून परतीची वाट मिळावी. हे काम करताना आम्ही कोणत्या क्रमाने गेलो, काय का निवडलं आणि कुठे काय बिघडू शकतं, ते इथे मांडतो आहोत.

अँटेना हॅम, म्हणजे हौशी रेडियोच्या, ४० मीटर बँडची (७ मेगाहर्ट्झच्या आसपासची). ७.१ मेगाहर्ट्झला ७१.३ भागिले फ्रिक्वेन्सी या हिशेबाने खांबाची लांबी १०.०४ मीटर येते. एकात एक सरकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा खांब होता. सुरुवातीला वरची नळी हिशेबापेक्षा २० सेंटिमीटर जास्त बाहेर ठेवून कसली. रेडियलची संख्या बदलते तशी अनुनादाची (अँटेना स्वतःहून जुळते ती) फ्रिक्वेन्सीही सरकते. म्हणून लांबी जुळवण्याचं काम तारा पूर्ण झाल्यावरच करायचं. आधी जुळवलेली लांबी पुन्हा बदलावी लागतेच.

पहिला निर्णय तारा किती आणि केवढ्या याचा. इथे बहुतेकांची धाव चार-आठ लांब तारांकडे असते, कारण पुस्तकात ‘पाव तरंगलांबीचे रेडियल’ असं वाचलेलं असतं. जमिनीवर पडलेल्या तारेला हा नियम लागू नाही. मातीला चिकटलेल्या तारेत लहर मंद चालते, त्यामुळे तारेची विद्युत लांबी तिच्या मोजलेल्या लांबीपेक्षा बरीच जास्त भरते आणि अनुनाद कुठल्या कुठे जातो. शिवाय मातीशी इतकी जवळीक असते, की अनुनाद ठळक राहतच नाही. रूडी सेव्हर्न्स (हॅम कॉलसाइन एन६एलएफ) यांनी २००९पासून क्यूईएक्स या तांत्रिक नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या मोजमापांमध्ये तर असं दिसलं, की जमिनीवर चारच तारा असतील तर त्या आखूड केल्यावर सिग्नल सुधारतो. लांब तारेत प्रवाहाचं शिखर पायथ्यापासून दूर सरकतं आणि नुकसान वाढतं. तारांची संख्या सोळाच्या पुढे गेली की हा प्रकार जवळजवळ नाहीसा होतो.

तेव्हा हातात एकूण जेवढी तार आहे, ती जास्त संख्येच्या आखूड तुकड्यांमध्ये वाटावी. हॅम मंडळींच्या हँडबुकांत अनेक दशकं छापला जाणारा एक तक्ता यासाठी फार उपयोगी आहे. पाव तरंगलांबीच्या खांबाखाली १६ तारा प्रत्येकी ०.१ तरंगलांबीच्या असतील तर फीडपॉइंटला सुमारे ५२ ओहम दिसतात. २४ तारा ०.१२५च्या असतील तर ४६, ३६ तारा ०.१५च्या असतील तर ४३, ६० तारा ०.२च्या असतील तर ४०, आणि ९० तारा पाव तरंगलांबीच्या असतील तर ३७. १२० तारा ०.४ तरंगलांबीच्या, ही व्यवस्था पूर्ण मानली तर पहिल्या मांडणीत ३ डेसिबल, दुसरीत २, तिसरीत दीड, चौथीत १ आणि पाचवीत अर्धा डेसिबल कमी पडतो. ३ डेसिबल म्हणजे निम्मी शक्ती, हे लक्षात ठेवून हा तक्ता वाचावा. पुढे-पुढे मात्र तार प्रचंड लागते आणि पदरात थोडं पडतं. ७.१ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ४२.२५ मीटर. म्हणजे २४ तारांच्या मांडणीला १२७ मीटर तार, ३६ला २२८ मीटर, ६०ला ५०७ मीटर. तिसऱ्यातून चौथीत गेल्यावर तार दुपटीहून जास्त आणि फायदा अर्ध्या डेसिबलचा.

१२० हा आकडा आला तो मध्यमलहरींच्या प्रसारण केंद्रांवरून. आरसीए या अमेरिकन रेडियो कंपनीच्या ब्राउन, लुईस आणि एपस्टीन यांनी १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या, ३ मेगाहर्ट्झवरच्या प्रयोगांत २पासून ११३पर्यंत तारा पुरून क्षेत्रतीव्रता मोजली होती. अमेरिकेतल्या प्रसारण केंद्रांसाठीचा १२० तारांचा दंडक त्याच कामावर उभा आहे. रात्रंदिवस काही किलोवॅट फेकणाऱ्या केंद्राला अर्धा डेसिबलही महाग असतो. परसातल्या अँटेनाने तो आकडा गाठलाच पाहिजे असं नाही.

आम्ही ३२ तारा, प्रत्येकी ६ मीटरच्या, असं ठरवलं. ६ मीटर म्हणजे ०.१४ तरंगलांबी. टोकांशी दोन तारांमधलं अंतर १ मीटर १८ सेंटिमीटर येतं, म्हणजे तरंगलांबीच्या तीन शतांशांहून कमी. त्यामुळे तारांमध्ये फार मोठी उघडी जमीन राहत नाही. ३२ आकड्याचा आणखी एक सरळ फायदा आहे. ४, ८, १६, ३२ असं प्रत्येक वेळी मधोमध वाटत जाता येतं आणि प्रत्येक टप्प्यावर मोजता येतं.

तार कोणती, यावर जितकी चर्चा होते तितकं महत्त्व त्या प्रश्नाला नाही. प्रवाह ३२ वाटांमध्ये विभागला जातो, म्हणून जाडी गौण ठरते. १ चौरस मिलिमीटरची बहुतारी, पीव्हीसी आवरणाची तांब्याची वायर आम्ही घेतली. आवरण असलं-नसलं तरी रेडियो फ्रिक्वेन्सीला फरक पडत नाही, कारण तार आणि माती यांच्यात प्रवाहाची देवाणघेवाण धारितेमधूनही होते. आवरणामुळे तार मातीत जास्त वर्षं टिकते, एवढंच. टाळायच्या दोन गोष्टी मात्र नक्की आहेत. उघडी ॲल्युमिनियमची तार मातीत खाऊन जाते. काही जमिनींमध्ये फार दिवस लागत नाहीत, पांढरी भुकटी उरते. साध्या लोखंडी तारेत रेडियो फ्रिक्वेन्सीचा प्रवाह पातळशा पृष्ठभागातून वाहतो आणि तिथे रोध बराच जास्त असतो. शिवाय गंज. तांब्याचा मुलामा असलेली पोलादी तार विद्युतदृष्ट्या चांगली, पण ती स्प्रिंगसारखी उसळते. जमिनीवर सपाट बसवताना तिच्याशी झगडावं लागतं आणि वर आलेला वेटोळा पायात अडकतो.

१०० मीटरच्या दोन गुंडाळ्या लागल्या. ६.२ मीटरचा एक तुकडा धरला की एका गुंडाळीतून बरोबर १६ निघतात. ज्यादा २० सेंटिमीटर पायथ्याशी सैल ठेवायला आणि लग (तारेच्या टोकाचं जोडणीचं कडं) बसवायला. तुकडे कापताना जमिनीत दोन मेखा ६.२ मीटर अंतरावर ठोकून त्यांच्यामध्ये तार ताणून कापावी. प्रत्येक वेळी टेप लावत बसलं की चुका होतात. एका टोकाला ६ मिलिमीटर भोकाचा, कथिलाचा मुलामा असलेला तांब्याचा रिंग लग क्रिम्प केला, म्हणजे दाबून बसवला, आणि त्यावर आत गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी श्रिंक स्लीव्ह चढवली. दुसऱ्या टोकालाही तशीच स्लीव्ह तापवून, चिमटीत दाबून बंद केली. हे दुसरं टोक लोक मोकळंच सोडतात. बहुतारी वायरच्या उघड्या टोकातून पाणी धाग्यांमधून आत चढत जातं आणि आवरणाच्या आतलं तांबं काळं-हिरवं पडतं. बाहेरून तार धडधाकट दिसते. आत ती भुसभुशीत झालेली असते.

मातीखाली एकही सोल्डर केलेला सांधा ठेवू नये. शिसे-कथिलाचं मऊ सोल्डर ओल्या मातीत काही वर्षांत कुजतं आणि सांधा सुटतो. एखादी तार तुटली तर तिला जोड देण्यापेक्षा नवी टाकावी. आमचे सगळे सांधे मातीच्या वर, एका पत्र्यावर होते.

हा पत्रा म्हणजे या सगळ्या कामाचा केंद्रबिंदू, म्हणून त्याच्यावर वेळ घालवला. ३० सेंटिमीटर चौरस, ३ मिलिमीटर जाडीचा, ३०४ प्रतीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा. त्यावर २६ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आखून एम६ बोल्टसाठी २४ भोकं पाडली. दोन भोकांमधलं अंतर साधारण ३.४ सेंटिमीटर, पाना फिरायला पुरेसं. १६ बोल्टांवर प्रत्येकी दोन तारा, एका बोल्टावर कोॲक्सच्या शील्डची पट्टी, एकावर अर्थ रॉडची तार, आणि सहा बोल्ट पुढच्यासाठी मोकळे. प्रत्येक बोल्ट खालून घालून वरून एका नटने पत्र्याला पक्का आवळला. त्यानंतर दोन लग पाठीला पाठ लावून, सपाट वॉशर, स्प्रिंग वॉशर आणि दुसरा नट. पहिल्या नटमुळे बोल्ट जागचा फिरत नाही. एखादी तार काढायची झाली तर पत्र्याखाली हात घालावा लागत नाही आणि बाकीच्या तारा ढिल्या होत नाहीत. नट-बोल्ट, वॉशर सगळे स्टेनलेस. मुलाम्याचा साधा नट इथे एका पावसाळ्यात गंजून अडकतो.

स्टेनलेसवर भोकं पाडताना ड्रिल हळू फिरवावं, दाब जोराचा द्यावा आणि तेल सोडत राहावं. वेगात फिरवलं की धातू तापून कडक होतो आणि मग ड्रिलचं टोक नुसतं घासत राहतं.

तांबं आणि ॲल्युमिनियम कुठेही एकमेकांना थेट टेकू नये, ही गोष्ट फीडपॉइंटला सांभाळावी लागते. कोॲक्सच्या मधल्या तारेचा लग ॲल्युमिनियमच्या नळीवर लावताना मध्ये स्टेनलेसचा वॉशर ठेवला आणि ऑक्सिडीकरण रोखणारी पेस्ट लावली. नाहीतर ओलाव्यात त्या जागी ॲल्युमिनियमला खड्डा पडत जातो आणि सहा-आठ महिन्यांनी ‘अँटेना कधी चालते, कधी नाही’ अशी तक्रार सुरू होते. खांब फायबरग्लासच्या दांड्यावर बसवला होता, पत्र्यापासून पूर्ण वेगळा. शील्डपासून पत्र्यापर्यंतची पट्टी १० सेंटिमीटरच्या आत ठेवली.

जमिनीकडे वळण्याआधी खाली काय पुरलेलं आहे ते शोधून काढावं. विजेची केबल, पाण्याचा नळ, ठिबकच्या नळ्या. कुदळीच्या खोलीवर केबल असेल तर हा छंद जिवावर बेतू शकतो. नळ किंवा कुंपणाची जाळी जवळ असेल तर त्या दिशेच्या तारांमध्ये प्रवाह वेगळा दिसेल, हेही लक्षात राहतं.

गवत अगदी बुडाशी कापून घेतलं. मग मधल्या मेखेला दोरी बांधून ३ मीटर त्रिज्येचं वर्तुळ जमिनीवर चुन्याने आखलं. बत्तीस तारांमध्ये ११.२५ अंशांचा कोन हवा. ३ मीटर त्रिज्येवर तो ५८.८ सेंटिमीटरच्या सरळ अंतराएवढा असतो. तेवढ्या लांबीची पट्टी कापून वर्तुळावर एकापुढे एक ठेवत खुणा केल्या की कोनमापकाची गरज उरत नाही. तसं पाहता कोन दोन-चार अंशांनी चुकले तरी काही बिघडत नाही. चाकाच्या आऱ्यांसारख्या तारा सगळीकडे साधारण सारख्या पसरल्या म्हणजे झालं. आखणी करायची ती एका बाजूला गर्दी आणि दुसरीकडे मोकळा पट्टा राहू नये म्हणून.

तारा बसवायच्या दोन पद्धती आहेत. गवतावर अंथरून पिनांनी दाबायच्या, किंवा जमिनीत फट पाडून आत सरकवायच्या. जिथे दाट गवत होतं तिथे पहिली पद्धत घेतली. २ मिलिमीटर जाडीची गॅल्व्हनाइज्ड तार २७ सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापून, १२ सेंटिमीटरच्या दोन पायांच्या आणि ३ सेंटिमीटर रुंदीच्या यू-पिना वाकवल्या. दर ६५ सेंटिमीटरला एक पिन म्हणजे एका तारेला नऊ, एकूण २८८. तीनशे पिनांना ८१ मीटर तार लागते. पिन ठोकताना तार मातीला पूर्ण टेकली पाहिजे. गवताच्या दोन झुबक्यांमध्ये अधांतरी राहिलेली तार गवत कापायच्या यंत्राच्या पात्यात सापडते. पातं मग एकच तार तोडून थांबत नाही. ती गुंडाळून घेतं, ओढतं आणि पत्र्यावरचे लग उखडतं. म्हणून पिना ठोकून झाल्यावर पायथ्यापासून टोकापर्यंत प्रत्येक तारेखाली बोट घालून पाहिलं. बोट शिरलं तिथे आणखी एक पिन. गवत वाढू लागलं की मुळांचं जाळं तार खाली ओढून घेतं आणि एका हंगामात ती दिसेनाशी होते. पहिली काही कापणी मात्र पातं उंच ठेवून करावी.

जिथे मोकळी माती होती तिथे सपाट फावड्याने ३ ते ५ सेंटिमीटर खोल फट पाडली. फावडं उभं घुसवायचं, मागे-पुढे हलवायचं, काढायचं. चर खणायचा नाही, माती उपसायची नाही. तार लाकडी पट्टीने फटीत ढकलली आणि पायाने फट दाबून बंद केली. आदल्या दिवशी पाणी मारलेलं असेल तर काम निम्म्या कष्टात होतं. आणखी खोल पुरल्याने अँटेना सुधारत नाही. तारेने प्रवाह जमिनीच्या वरच्या बाजूला गोळा करायचा असतो, त्यामुळे ती पृष्ठभागाजवळच हवी. फट पाडायची ती पायात अडकू नये एवढ्यासाठी. दगड-मुरुमात फावडं शिरत नसेल तर तिथे पहारीने झटापट न करता तार वरच पिनांनी बसवावी.

पायथ्याशी प्रत्येक तारेला बोटभर सैल वळण ठेवलं. माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते. ताणून बांधलेली तार त्या हालचालीत लगच्या तोंडाशीच तुटते.

वाटेत भिंत, ओटा किंवा झाड आलं तर तार त्याच्या कडेने वळवावी, किंवा तिथेच संपवावी. उलट दिशेने पायथ्याकडे परत आणू नये. परतणाऱ्या भागातला प्रवाह बाहेर जाणाऱ्या भागाच्या विरुद्ध असतो आणि तेवढी तार जवळजवळ वाया जाते. एका बाजूला जागा चारच मीटर असेल तर तिथे चार मीटरच्या तारा टाकाव्यात. उरलेली तार त्या बाजूला वेटोळं करून ठेवण्यापेक्षा दुसऱ्या बाजूच्या तारांमध्ये आणखी एक म्हणून टाकावी.

आता मोजण्याबद्दल. या सगळ्या उद्योगात सर्वांत जास्त गैरसमज इथे होतात. आम्ही ॲनलायझर (अँटेनाचा रोध आणि जुळणी मोजणारं उपकरण) थेट फीडपॉइंटला लावून, कोॲक्स सोडवून मोजत होतो. खोलीत बसून केबलच्या टोकाला मोजलं तर केबल स्वतः आकडा बदलून दाखवते. नॅनोव्हीएनए हा छोटा ॲनलायझर असेल तर केबलच्या पलीकडच्या टोकाला कॅलिब्रेट करून घेता येतं, पण पायथ्याशी जाऊन मोजण्याइतकं ते सरळ नाही. वाचायचा आकडा एकच: रिॲक्टन्स (कॉइल किंवा धारितेसारखा, शक्ती न खाणारा विरोध) शून्य होतो त्या फ्रिक्वेन्सीला रोध किती.

८ तारांवर हा रोध साठच्या आसपास होता, १६वर पन्नासच्या आसपास, २४वर सेहेचाळीस, ३२वर त्रेचाळीस-चव्वेचाळीस. आता याच वेळी एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात त्याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) पाहा. ८ तारांवर १.२, १६वर जवळजवळ १, आणि ३२वर पुन्हा १.१५. फक्त एसडब्ल्यूआर पाहणारा माणूस सोळाव्या तारेवर खूश होऊन थांबेल. पुढच्या तारा टाकल्यावर मीटर ‘बिघडला’ म्हणून त्या काढूनही टाकेल. हे प्रत्यक्षात घडतं. आदर्श जमिनीवर पाव तरंगलांबीच्या खांबाचा रेडिएशन रेझिस्टन्स (लहरी बाहेर फेकण्याच्या कामाचा रोध) ३६ ओहमच्या जवळपास असतो. त्यावर दिसणारा प्रत्येक ज्यादा ओहम हा मुख्यतः जमिनीतला तोटा आहे. ५० ओहम दिसत असतील तर त्यातले १४ माती तापवतात आणि कार्यक्षमता ३६ भागिले ५०, म्हणजे ७२ टक्के. ४३ दिसत असतील तर ८४ टक्के. ३७ दिसले तर एसडब्ल्यूआर १.३५ असेल, आणि तीच सगळ्यात चांगली अँटेना असेल. उभ्या अँटेनाखाली सहज मिळालेला १:१ एसडब्ल्यूआर पाहून आनंद मानण्याऐवजी तोटा किती आहे ते शोधावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

लोडिंग कॉइल लावून आखूड केलेल्या खांबांना हे आणखी कडकपणे लागू होतं. अष्टमांश तरंगलांबीच्या खांबाचा रेडिएशन रेझिस्टन्स सहा-सात ओहमच असतो. जमिनीचा तोटा १० ओहम धरला तर पूर्ण खांबाची कार्यक्षमता ७८ टक्के राहते, आणि त्याच जमिनीवर आखूड खांबाची ४० टक्क्यांवर येते. कॉइलचा तोटा वेगळाच. जागा कमी म्हणून खांब आखूड केला आणि जागा कमी म्हणून ताराही चारच टाकल्या, असं झालं की बहुतेक शक्ती जमिनीतच मुरते.

तारा पुरेशा झाल्या की नाहीत, याची एक खात्रीची कसोटी पाऊस आहे. कोरड्या जमिनीवर आणि चांगला पाऊस झाल्यावर, दोन्ही वेळा रोध मोजावा. फरक ओहम-दीड ओहमचा असेल तर प्रवाह बहुतांशी तांब्यातून येतो आहे. पाच-सहा ओहमांनी आकडा हलत असेल तर अजून माती काम करते आहे, आणखी तारा टाका. २४ तारांपर्यंत हा फरक जाणवत होता. ३२वर तो नगण्य झाला, म्हणून तिथे थांबलो.

यानंतर खांबाची लांबी. ४०-४३ ओहमला कोॲक्स थेट जोडलं तरी चालतं. पूर्ण ३६ ओहम असले तरी परत येणारी शक्ती पावणेतीन टक्क्यांच्या आत राहते. ट्रान्समीटरला नेमके ५० हवे असतील तर खांब थोडा आखूड करून पायथ्याशी, खांब आणि पत्रा यांच्यामध्ये, एक कॉइल लावावी. ४० ओहम रोध असेल तर खांब एवढा आखूड करायचा, की ७.१ मेगाहर्ट्झला रिॲक्टन्स उणे २० ओहम दिसेल. मग ही खांब-पत्र्यामधली कॉइल १०० ओहमची, म्हणजे २.२४ मायक्रोहेन्रीची लागते. २ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे ४ सेंटिमीटर व्यासाचे १० वेढे ५ सेंटिमीटर लांबीत पसरले की ती होते. वेढे जवळ-दूर करून शेवटची जुळवणी करावी. या कॉइलमुळे वाऱ्या-वादळात खांबावर साठणारा स्थिर विद्युतभारही सतत जमिनीत उतरतो, हा मोठा फायदा आहे.

पायथ्याला चोक, म्हणजे केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारं वेटोळं, हवाच. तो नसेल तर कोॲक्सच्या शील्डची बाहेरची बाजू आणखी एक रेडियल बनते आणि ती थेट खोलीत जाते. परिणामी माइकला चटके, संगणकाची गडबड, आणि उलट दिशेने घरातला सगळा गोंगाट रिसीव्हरमध्ये. शिवाय ॲनलायझरचे आकडेही केबल हलवली की बदलतात. एफटी२४०-३१ फेराइटच्या कड्यावर पातळ कोॲक्सचे १२ वेढे घेतले की ७ मेगाहर्ट्झला काही हजार ओहम मिळतात. कडं पत्र्याजवळच, हवाबंद डब्यात. तिथून पुढे केबल दोन तारांच्या मधून, जमिनीलगत नेली.

अर्थ रॉडविषयी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. दीड-दोन मीटरचा रॉड ठोकला म्हणजे रेडियलचं काम झालं, असं नाही. रॉड विजेसाठी आणि सुरक्षिततेसाठी आहे. रेडियो फ्रिक्वेन्सीला त्याचा उपयोग जवळजवळ नसतो. रॉड ठोकावा, पत्र्याला जोडावा आणि घराच्या अर्थिंगशी जाड तारेने बांधावा. घराचा अर्थ वेगळा आणि अँटेनाचा अर्थ वेगळा ठेवला तर जवळपास वीज पडल्यावर त्या दोघांमध्ये हजारो व्होल्टांचा फरक येतो आणि तो रेडियोतून वाट काढतो.

सगळं जोडून झाल्यावर प्रत्येक तार खरोखर काम करते का, ते क्लॅम्प-ऑन आरएफ करंट मीटरने तपासलं. १० वॅट सोडले तर ४० ओहमला पायथ्याचा प्रवाह ०.५ अँपिअर असतो. बत्तिसांत सारखा वाटला तर प्रत्येक तारेत १५-१६ मिलिअँपिअर. प्रत्यक्षात तो सारखा कधीच वाटला जात नाही. नळाच्या बाजूला जास्त, आखूड तारांमध्ये कमी, १०पासून २२पर्यंत आकडे आले तर ते ठीक आहे. शून्याच्या जवळ आकडा म्हणजे क्रिम्प बसलेला नाही किंवा तार कुठेतरी तुटली आहे. बहुतेक वेळा दोष लगमध्येच सापडतो: आवरणावरच क्रिम्प मारलेला असतो, तांब्यावर नाही. हे आकडे लिहून ठेवावेत. वर्षभराने पुन्हा मोजले की कुठली तार मेली ते लगेच कळतं. पहिल्या पावसानंतर सगळे नट एकदा पुन्हा आवळावेत. रोध हळूहळू वर चढत असेल तर आधी सांधे तपासावेत, मातीकडे नंतर वळावं.

रेडियलांकडून न होणारी एक गोष्टही इथे नोंदवायला हवी. त्या जवळचा तोटा कमी करतात. क्षितिजालगतच्या कोनांत सिग्नल किती जोराने जातो, हे अनेक तरंगलांबी दूरपर्यंतच्या जमिनीवर ठरतं, आणि तिथे आपली तार पोहोचत नाही. खाऱ्या पाण्याच्या काठावर उभी केलेली तीच अँटेना वेगळीच चालते, ती यामुळे.

जमीन खडकाळ असेल किंवा फरशी असेल तर तारा उंचावर न्याव्यात. तिथे सगळे नियम बदलतात. चारच तारा पुरतात, पण त्या प्रत्येकी १० मीटरच्या, अनुनादाला कापलेल्या, एकसारख्या लांबीच्या आणि जमिनीपासून किमान अडीच-तीन मीटर उंच हव्यात. फीडपॉइंटही तेवढाच वर जातो. टोकांना मोठा व्होल्टेज असतो, म्हणून चांगले इन्सुलेटर लावावेत आणि कोणाचा हात पोहोचणार नाही अशी उंची ठेवावी. या तारा अर्थ रॉडला जोडायच्या नाहीत, आणि चोक इथे जास्तच गरजेचा. सेव्हर्न्स यांच्या मोजमापांत अशा चार उंच तारा जमिनीवरच्या भरपूर तारांच्या अगदी जवळ आल्या होत्या. चारपैकी एका तारेची लांबी जरा जरी वेगळी असली तर प्रवाह विषम वाटला जातो, त्यामुळे कापणी काटेकोर हवी.

जमिनीवरच्या तारांना बँडचं बंधन नसतं. याच ६ मीटरच्या तारा १४ मेगाहर्ट्झला ०.२८ तरंगलांबीच्या होतात, म्हणजे तिथे व्यवस्था जवळजवळ पूर्ण आहे. ३.६ मेगाहर्ट्झला मात्र त्या ०.०७ तरंगलांबीच्याच ठरतात आणि तोटा जाणवतो. त्यासाठीच पत्र्यावर सहा बोल्ट मोकळे ठेवले होते. त्यांच्यावर १०.५ मीटरच्या १२ तारा, म्हणजे ३.६ मेगाहर्ट्झच्या अष्टमांश तरंगलांबीच्या, जुन्या तारांच्या मधल्या जागांतून सोडता येतात. १२६ मीटर तार, १२ लग, आणि दर ६५ सेंटिमीटरला एक याप्रमाणे आणखी दोनशे पिना लागतील.